पाचशे रुपये दंड आणि सातासमुद्रापलीकडचा संसार

जालन्याच्या जिल्हा न्यायालयात नक्कल विभागापुढे थांबलेली बहुतेक माणसं जमिनीच्या कामाने आलेली असतात. वाटणीचा निकाल, मनाई हुकमाची प्रत, वारसाचा दाखला. त्या दिवशी त्यांच्यात एक बाप-लेक होते आणि त्यांना हवी होती एका फौजदारी निकालाची नक्कल. निकाल जेमतेम दीड पानाचा. जालना तालुक्यातल्या एका गावात बांधावरून झालेली मारामारी, भारतीय दंड संहितेची कलमं ३२३, ५०४ आणि ३४. आरोपी क्रमांक चार म्हणून या मुलीचं नाव. तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. पुढे घरातल्या सगळ्यांनी गुन्हा कबूल केला, प्रत्येकी पाचशे रुपये दंड भरला, कोर्ट उठेपर्यंत मागच्या बाकावर बसून राहिले आणि संध्याकाळच्या एसटीने गावी गेले. केस निकाली.

आता तिचं लग्न झालं आहे. नवरा न्यू जर्सीत, अमेरिकेचा नागरिक. त्याने बायकोसाठी केलेला अर्ज मंजूर झाला आणि पुढच्या फॉर्ममध्ये प्रश्न आला: तुम्हाला कधी अटक झाली आहे का, कोणत्याही गुन्ह्यात दोषी ठरवलं गेलं आहे का? माफी मिळाली असली तरी सांगा. मुलगी गप्प होती. वडील मात्र एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होते. ‘‘साहेब, लेकरू सोडवायला गेलं होतं मधी. तिचं नाव कशापाई घातलं त्यांनी?’’

या अंकासाठी संपादकांनी ‘उंबरठा’ हा विषय दिला, तेव्हा मला हाच उंबरठा पाहायचा होता. गावातली एवढीशी केस इतक्या लांब कशी पोचते, कुठे आडवी येते आणि कुठे येत नाही, हे समजून घ्यायला मी न्यायालयाच्या आवारात, वकिलांच्या टेबलांपाशी आणि फॉर्म भरून देणाऱ्या दुकानांत फिरलो.

घरातल्या सगळ्यांची नावं

जालना जिल्ह्याचे तालुके आठ, शेती बहुतांशी कोरडवाहू. कापूस, सोयाबीन, तूर आणि पाणी असेल तिथे मोसंबी. वाटण्या होत होत जमिनीचे तुकडे झाले आणि बांधाची किंमत वाढली. नांगर हातभर आत सरकला, शेतात जायची वाट अडवली, विहिरीच्या पाळीवरून शब्द वाढला की दोन्ही घरं ठाण्यात पोचतात. एका बाजूची फिर्याद आली की दुसऱ्या बाजूचीही येते. फिर्याद देणारा समोरच्या घरातलं एकही नाव सोडत नाही: म्हातारा, दोन्ही मुलं, सुना, पुण्याहून सुट्टीला आलेला पुतण्या. ‘समान उद्देश’ सांगणारं कलम ३४ सगळ्यांना एका माळेत ओवतं. जुलै २०२४ पासून दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. ३२३ चं ११५ (२) झालं, ५०४ चं ३५२ झालं. रीत तीच राहिली.

दुसरा गठ्ठा असतो छाप्यांचा. पोळ्याच्या आगेमागे झाडाखाली तिर्रट खेळताना पकडलेली पोरं. त्यांच्यावर जुगार प्रतिबंधक कायद्याचं कलम १२ (अ). ठाण्याच्या भाषेत ‘मजुका’. दारू बाळगल्याबद्दल दारूबंदी कायद्याचं ६५ (ई). दारू पिऊन मोटारसायकल चालवली तर मोटार वाहन कायद्याचं १८५. कोविडच्या टाळेबंदीत दंड संहितेच्या कलम १८८ खाली राज्यात लाखावर गुन्हे नोंदले गेले, त्यांत निव्वळ घराबाहेर पडलेली माणसंही होती.

हे खटले माणूस लढत नाही. तारखेला यायचं म्हणजे मजुरी बुडते, एसटीचं भाडं जातं, वकिलाला प्रत्येक वेळी काहीतरी द्यावं लागतं आणि साक्षीदार आला नाही की पुढची तारीख पडते. मग कोणीतरी सुचवतं, कबूल करून टाका, पाचशे-हजारात सुटाल. साक्षीपुरावा नाही, उलटतपासणी नाही. न्यायाधीश विचारतात, ‘‘गुन्हा कबूल आहे का?’’ उत्तर येतं, ‘‘व्हय साहेब.’’ त्या उत्तराचा अर्थ काय, हे त्या क्षणी कोणी सांगत नाही. सांगण्याचं कारणही नसतं, कारण गावात राहणाऱ्या माणसाचं त्या कबुलीने सहसा फारसं बिघडत नाही.

इकडची चाळणी आणि तिकडची चाळणी

इथे पहिला पेच आहे आणि तो जाणत्या माणसांच्याही लक्षात येत नाही. भारतातला १९६७ चा पासपोर्ट कायदा प्रलंबित खटल्याला घाबरतो. कलम ६ (२) (एफ) प्रमाणे अर्जदाराविरुद्ध फौजदारी न्यायालयात खटला चालू असेल, तर पासपोर्ट नाकारता येतो. नुसती फिर्याद नोंदली गेली आणि तपास चालू आहे, एवढ्याने नाकारता येत नाही. न्यायालयाने दखल घेतलेली असावी लागते, असं परराष्ट्र मंत्रालयाने ऑक्टोबर २०१९ मध्ये स्पष्ट केलं आहे. खटला चालू असतानाही वाट बंद होत नाही. १९९३ च्या अधिसूचनेप्रमाणे न्यायालयाची परवानगी आणली तर न्यायालय सांगेल तेवढ्या मुदतीचा पासपोर्ट मिळतो, मुदत सांगितली नसेल तर एक वर्षाचा. शिक्षा झालेल्याच्या बाबतीत मात्र हाच कायदा बराच सैल आहे. नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात गेल्या पाच वर्षांत दोन वर्षं किंवा त्याहून जास्त कैद झाली असेल, तरच त्या कारणाने नकार येतो. पाचशे रुपयांचा दंड त्या जाळीतून सहज खाली पडतो.

म्हणून परदेशी निघालेल्या मुलाला घाईत सल्ला मिळतो, कबूल करून केस संपव, पासपोर्ट मोकळा होईल. पासपोर्ट होतोही मोकळा. पण अमेरिकेचा कायदा नेमकी कबुली तपासतो. तिथल्या स्थलांतर कायद्यात ‘दोषसिद्धी’ म्हणजे गुन्ह्याची कबुली किंवा तसा निकाल आणि त्यावर कोणत्याही स्वरूपाची शिक्षा. दंडसुद्धा शिक्षाच. इथल्या न्यायालयाने १९५८ च्या परिवीक्षा कायद्याखाली चांगल्या वर्तनाच्या हमीवर सोडलं आणि या दोषसिद्धीमुळे कोणतीही अपात्रता येणार नाही असं त्या कायद्याच्या कलम १२ ने म्हटलं, तरी तिकडच्या अधिकाऱ्यावर ते बंधन नाही. इकडची अडचण ज्या उत्तराने सुटते, त्याच उत्तराने तिकडची सुरू होते. या सगळ्या फिरण्यात मला सर्वांत महत्त्वाची वाटली ती हीच गोष्ट.

मोजपट्टी

तरीही घाबरून जायचं कारण नसतं. लग्नाच्या आधारावर कायम वास्तव्य मागणाऱ्याला अमेरिकेचा कायदा मुख्यतः तीन गोष्टी विचारतो. गुन्हा नैतिक अधःपतनाचा आहे का? अमली पदार्थांचा आहे का? आणि त्या गुन्ह्याला जास्तीत जास्त किती शिक्षा होऊ शकली असती?

नैतिक अधःपतन म्हणजे साधारणपणे चोरी, फसवणूक, खोटे दस्तऐवज, इजा करायच्या हेतूने केलेला गंभीर हल्ला. झाडाखालचे पत्ते त्यात सहसा येत नाहीत, जमावबंदी मोडणं येत नाही, हातघाईवरची साधी मारामारीही बहुधा येत नाही. आणि एखादा गुन्हा त्यात बसलाच तर किरकोळ गुन्ह्याची सवलत आहे. आयुष्यात असा एकच गुन्हा असावा, त्या कलमाची कमाल शिक्षा एक वर्षापेक्षा जास्त नसावी आणि प्रत्यक्ष शिक्षा सहा महिन्यांपेक्षा जास्त झालेली नसावी.

या मोजपट्टीवर आपली कलमं ठेवून पाहिली की धक्का बसतो. कलम ३२३ ची कमाल शिक्षा एक वर्ष, सवलतीत बसतं. कलम ३७९, म्हणजे साधी चोरी, हिची कमाल शिक्षा तीन वर्षं. कॉलेजात असताना मित्राच्या नादाने मोबाईल उचलला आणि न्यायाधीशांनी दया दाखवून पाचशे रुपयांवर सोडलं, तरी ही सवलत मिळत नाही, कारण तिकडे झालेल्या शिक्षेबरोबर होऊ शकणारी शिक्षाही मोजतात. मारामारीच्या फिर्यादीत ‘काठी’ऐवजी ‘कुऱ्हाड’ आली आणि ३२३ च्या जागी ३२४ लागलं, की कमाल शिक्षा एकदम तीन वर्षांवर जाते. ठाणे अंमलदाराने रात्री अकरा वाजता लिहून घेतलेलं ते वर्णन अनेक वर्षांनी परक्या देशाचा अधिकारी ओळ न् ओळ वाचतो.

गांजाचं प्रकरण त्याहून अवघड. अमली पदार्थांच्या गुन्ह्याला किरकोळपणाची सवलत नाही. तीस ग्रॅमपर्यंत गांजा स्वतःसाठी बाळगल्याचा एकच प्रसंग असेल, तरच माफीचा अर्ज करता येतो. दारू पिऊन गाडी चालवल्याचा गुन्हा वेगळ्याच दाराने आत शिरतो. तो सहसा गुन्हा म्हणून आडवा येत नाही, वैद्यकीय तपासणीत येतो. गेल्या पाच वर्षांत दारूशी संबंधित एक अटक किंवा दहा वर्षांत दोन असतील, तर दूतावासाने नेमलेल्या डॉक्टरकडे व्यसनाची तपासणी होते आणि निर्णय लांबतो. कॅनडाने तर १८ डिसेंबर २०१८ पासून नशेत गाडी चालवण्याची कमाल शिक्षा दहा वर्षं केली आणि त्यामुळे तो तिथे गंभीर गुन्हा ठरला. जालना-संभाजीनगर रस्त्यावरच्या ढाब्यावरून परतताना झालेली एक नाकाबंदी टोरांटोतल्या संसाराच्या आड येऊ शकते ती अशी.

केस संपण्याच्या वाटा

‘‘केस मिटली’’ असं सांगणाऱ्याला आवारातले एक ज्येष्ठ फौजदारी वकील आधी विचारतात, ‘‘मिटली म्हणजे काय झालं? कागद दाखवा.’’ कागद पाहिल्यावर कधी कधी मामला उलटाच निघतो. गावाच्या दृष्टीने सगळ्या केसेस एकसारख्या संपतात. कायद्याच्या दृष्टीने प्रत्येक वाटेचा शेवट वेगळा आहे.

कबुली देऊन दंड भरला तर ती दोषसिद्धी. लोकअदालतीत किंवा न्यायालयापुढे दोन्ही पक्षांनी तडजोड केली आणि ते कलम तडजोडीला पात्र असेल, तर कायद्याने तिचा परिणाम निर्दोष मुक्ततेचा होतो. ३२३, ५०४, ५०६ ही बांधावरच्या भांडणातली नेहमीची कलमं अशीच तडजोडपात्र आहेत. म्हणजे त्या नवरीच्या घरच्यांनी कबुलीऐवजी तडजोडीचा अर्ज दिला असता, तर आज तिच्या नावावर दोषसिद्धीच नसती. समोरचं घर तयार होतं का? वडील म्हणाले, ‘‘तेव्हाच बोलणं सुरू झालं होतं. तंटामुक्तीवाल्यांनी बसवलं होतं आम्हाला. एकमेकांच्या लग्नाला जातो आम्ही आता.’’ समेट झाला होता, पण तो गावातच राहिला. न्यायालयाच्या कागदावर उतरला नाही. १५ ऑगस्ट २००७ पासून सुरू झालेल्या महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेने खेडोपाडी भांडणं मिटवायला मोठा हात दिला. पण समिती मिटवते आणि न्यायालय मिटवतं यांतलं शेवटचं पाऊल कित्येकांकडून राहून जातं.

तपासातच काही निघालं नाही तर पोलीस समरी अहवाल पाठवतात. तक्रार खोटी असेल तर ‘ब’, गैरसमजातून असेल तर ‘क’. न्यायालयाने तो स्वीकारल्याचा आदेश हातात असेल तरच त्याचा उपयोग. आणि जिथे तडजोडीची परवानगी नाही, तिथे उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाकडे गुन्हा रद्द करून घ्यावा लागतो. या वाटेने सर्वाधिक जावं लागतं ते पहिल्या लग्नातल्या ४९८-अ च्या, म्हणजे विवाहितेच्या छळाच्या प्रकरणांना. ते कलम किरकोळ नाही, तसं समजूही नये. छळ झालेल्या बाईचा तो आधार आहे. पण नवऱ्याबरोबर नणंदेचं, जावेचं नाव आलं असेल, परस्परसंमतीने घटस्फोटही होऊन गेला असेल आणि गुन्हा रद्द करून घ्यायचं राहिलं असेल, तर त्या नणंदेच्या स्वतःच्या लग्नानंतर तिच्या व्हिसाची फाईल तिथेच थांबते.

अंतरवालीनंतरची मुलं

जालन्यात हा विषय आणखी एका कारणाने घरोघरी पोचला आहे. अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीत २९ ऑगस्ट २०२३ ला मनोज जरांगे पाटील मराठा आरक्षणासाठी उपोषणाला बसले. १ सप्टेंबरला तिथे लाठीमार झाला आणि आंदोलन राज्यभर पसरलं. रस्ता रोको झाले, टायर जळाले, गुन्हे नोंदले गेले. त्यांतल्या अनेकांत बेकायदा जमावाचं १४३, दंगलीचं १४७, वाट अडवल्याचं ३४१ अशी कलमं होती, काहींत सरकारी कामात अडथळ्याचं ३५३. या ३५३ ची शिक्षा महाराष्ट्राने केलेल्या दुरुस्तीने पाच वर्षांपर्यंत वाढलेली होती. म्हणजे कागदावर हा गुन्हा किरकोळ राहत नाही.

गुन्हे मागे घेण्याची मागणी तेव्हापासून प्रत्येक उपोषणात होती. सप्टेंबर २०२५ च्या सुरुवातीला मुंबईत आझाद मैदानावरचं उपोषण सुटताना सरकारने ती पुन्हा मान्य केली. पण सरकारने मान्य केलं म्हणजे गुन्हा गेला असं होत नाही. सरकारी वकिलाने त्या त्या न्यायालयात अर्ज करावा लागतो आणि न्यायालयाने संमती द्यावी लागते. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३२१ खाली होई, आता नागरिक सुरक्षा संहितेच्या ३६० खाली. तो आदेश निघेपर्यंत खटला चालूच असतो आणि पासपोर्टच्या पडताळणीत दिसतो. रस्त्यावर घोषणा दिलेल्या, पुढे पुण्यात नोकरी लागलेल्या आणि परदेशात स्थायिक झालेल्या मुलीशी लग्न ठरलेल्या मुलाला टीव्हीवरची बातमी पुरत नाही. त्याला खटला मागे घेतल्याचा सही-शिक्क्याचा आदेश लागतो. आपल्या समाजासाठी शांतपणे रस्त्यावर बसलेल्या मुलाने या कारणासाठी वर्षानुवर्षं अडकून राहावं, हे मला अन्यायाचं वाटतं. सरकारने शब्द दिला असेल, तर तो न्यायालयाच्या दप्तरापर्यंत नेणं हे सरकारचंच काम आहे.

लपवलं तर

फॉर्म भरून देणाऱ्या दुकानांत एक सल्ला सर्रास ऐकू येतो, ‘‘नाही लिहा. पाचशे रुपयाची केस कोण बघतंय?’’ यापेक्षा घातक सल्ला नाही. पासपोर्टच्या अर्जात माहिती दडवणं हा पासपोर्ट कायद्याच्या कलम १२ खाली स्वतंत्र गुन्हा आहे. अमेरिकेच्या अर्जात महत्त्वाची गोष्ट जाणूनबुजून दडवून व्हिसा मागितला, तर ते अपात्रतेचं कारण ठरतं आणि ते आयुष्यभर चिकटून राहतं. मूळ मारामारी कदाचित कोणी विचारातही घेतली नसती. खोट्या ‘नाही’ने मात्र दार बंद होतं. ते उघडायला माफीचा अर्ज करावा लागतो आणि आपण गेलो नाही तर तिकडच्या नागरिक जोडीदाराचे किंवा आईवडिलांचे आत्यंतिक हाल होतील, हे सिद्ध करावं लागतं. त्यात कित्येक महिने, कधी वर्षाहून जास्त काळ जातो. नव्या लग्नाची ती वर्षं दोघांनी दोन खंडांत, व्हिडिओ कॉलवर काढायची.

आणि गोष्ट लपतही नाही. ठाण्यांच्या नोंदी आता संगणकावर आहेत, न्यायालयांचे खटले नाव टाकून शोधता येतात. दूतावासाने नाकारलं तर दाद मागायला जागाही फारशी नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जून २०२४ मध्ये मुनोज प्रकरणात सांगितलं की, आपल्या परदेशी जोडीदाराला देशात प्रवेश मिळावा असा घटनादत्त मूलभूत हक्क अमेरिकी नागरिकालाही नाही. म्हणून जे काही मांडायचं ते पहिल्याच वेळी, पूर्ण आणि खरं मांडायला हवं.

कागदांची जुळवाजुळव

मांडायचं म्हणजे काय, हे त्या बाप-लेकीच्या पिशवीत पाहायला मिळालं. प्लास्टिकच्या पिशवीत लग्नाची पत्रिका, विवाह नोंदणीचा दाखला, फिर्यादीची झेरॉक्स आणि एका चिठ्ठीवर लिहिलेला एससीसी नंबर, म्हणजे संक्षिप्त फौजदारी खटल्याचा क्रमांक. हा नंबर नसेल तर दप्तरात काही सापडत नाही. त्यांनी पोलीस अधीक्षक कार्यालयाचा चारित्र्य पडताळणीचा दाखलाही आणला होता. तो नोकरीसाठी चालतो. अमेरिकेच्या कायम व्हिसासाठी पासपोर्ट कार्यालयाने दिलेलं पोलीस क्लिअरन्स प्रमाणपत्र लागतं. त्यासाठी पुन्हा अर्ज, पुन्हा ठाण्याचा अहवाल.

नक्कल अर्जावर कोर्ट फी तिकीट लावलं गेलं. निकालाची प्रत, दोषारोपपत्राची प्रत आणि दंड भरल्याची पावती, तिन्ही हव्यात. पावती बापाने जपून ठेवली होती, घडीवर फाटलेली. जुन्या किरकोळ खटल्यांची कागदपत्रं ठरावीक मुदतीनंतर नष्ट केली जातात. तसं झालं असेल तर ‘अभिलेख उपलब्ध नाही’ असा न्यायालयाचाच दाखला घ्यावा लागतो. यांचं दप्तर शाबूत होतं. नक्कल हाती आली तेव्हा तिच्यावर ‘खरी नक्कल’ असा जांभळा शिक्का होता आणि मजकूर मराठीत. आता त्याचा प्रमाणित इंग्रजी अनुवाद हवा. तो करणाऱ्याने ‘साधी दुखापत’ हे शब्द नीट उतरवले पाहिजेत. ‘गंभीर’ असा अर्थ निघाला तर सगळी मेहनत वाया जाईल. कलमाची कमाल शिक्षा दाखवणारं कायद्याचं पानही सोबत जोडायचं. मग वैद्यकीय तपासणी आणि शेवटी मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अमेरिकेच्या वाणिज्य दूतावासात मुलाखत. डिसेंबर २०२३ अखेर जालन्याहून सुरू झालेली वंदे भारत आता नांदेडहून येते. तिने मुंबई जवळ केली आहे. कागद जमवण्याचं काम मात्र तेवढंच लांबचं राहिलं आहे.

मुलीला मी विचारलं, फॉर्ममध्ये काय लिहिलंस? ती म्हणाली, ‘‘जे झालं तेच. माझं नाव का आलं तेही लिहिलंय.’’ साधी मारामारी नैतिक अधःपतनात बहुधा येत नाही, मारामारीच्या ३२३ ची कमाल शिक्षा एक वर्ष, झालेली शिक्षा कोर्ट उठेपर्यंत आणि पाचशे रुपये दंड, प्रसंग एकच. तिची बाजू मजबूत आहे.

करता येण्यासारखं

तिच्यासारख्या प्रत्येकीकडे पावती जपणारा बाप आणि कागद पाहणारा वकील असेलच असं नाही. म्हणून हा विषय दूतावासाच्या दारात नेण्याआधी तालुक्याच्या न्यायालयातच हाताळायला हवा. कबुली नोंदवण्यापूर्वी आरोपीला, विशेषतः विशी-पंचविशीतल्या मुलामुलींना, एवढं सांगितलं जावं की ही दोषसिद्धी आहे, ती पुसली जात नाही आणि हे कलम तडजोडीने मिटू शकतं. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण लोकअदालती भरवतं आणि पात्र माणसांना मोफत वकील देतं. एका फलकावर, एका पत्रकावर हे लिहायला फार खर्च येणार नाही. तंटामुक्त समित्यांनी गावात समेट घडवला की दोन्ही घरांना न्यायालयापर्यंत सोबत न्यावं. आणि फिर्याद लिहून घेणाऱ्याने घरातली सगळी नावं घालण्याआधी एकदा विचारावं, ही मुलगी खरंच मारायला आली होती का?

घरच्यांनीही एक सवय लावून घ्यावी. केस कशीही संपो, त्या दिवशीच निकालाची प्रमाणित नक्कल काढून सातबाऱ्याच्या शेजारी ठेवावी. आज आपल्या गावातली मुलं न्यू जर्सीत, टोरांटोत, सिडनीत लग्न करून जात आहेत. त्यांचं जाणं-येणं बांधावरच्या एका दुपारच्या भांडणाने ठरू नये, आणि ते ठरू न देणं बऱ्याच अंशी आपल्याच हातात आहे.